सत्य एक, की ज्याचे त्याचे?
(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



दि. 18 एप्रिल 2005 रोजी रोममध्ये नव्या पोपच्या निवडीसाठी जमलेल्या कार्डिनलांपुढे जोसेफ रात्झिंगर यांचे प्रवचन झाले. जगात 'सापेक्षतावादाची हुकूमशाही' उभी राहत आहे, असा इशारा त्यांनी त्या प्रवचनात दिला. दुसऱ्याच दिवशी ते पोप म्हणून निवडले गेले आणि बेनेडिक्ट सोळावे या नावाने पुढे आठ वर्षे त्या पीठावर राहिले. चांगले काय, वाईट काय, न्याय कशाला म्हणावे, यांची सर्व माणसांना लागू पडणारी कसोटीच नाही. प्रत्येक समाजाचे, प्रत्येक संस्कृतीचे आणि अखेर प्रत्येक व्यक्तीचे सत्य निराळे, या विचाराला सापेक्षतावाद म्हणतात. तो रुजला की श्रद्धेचा आणि चर्चचा नैतिक अधिकार संपतो, असे धर्मपीठाचे दुखणे आहे.

समाजवादी कार्यकर्त्याला हे दुखणे आपले वाटत नाही आणि ते स्वाभाविकही आहे. धर्मपीठांचा अधिकार ढिला झाल्याखेरीज माणूस मोकळा होत नाही, हा धडा त्याने इतिहासाकडून घेतलेला असतो. म्हणून धर्मपीठ ज्याला शत्रू मानते तो सापेक्षतावाद आपला मित्र असावा, अशी एक समजूत पुरोगामी वर्तुळांत नकळत रुजलेली दिसते. ही समजूत कितपत खरी आहे? या प्रश्नाचा विचार हवेत करण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती श्रद्धा आणि सापेक्षतावाद यांची खरीखुरी गाठ जेथे पडली, जेथे लक्षावधी माणसांची घरेदारे, शिक्षण आणि प्राण त्या वादावर अवलंबून होते, अशा एका देशाच्या इतिहासाकडे पाहिले पाहिजे. तो देश म्हणजे दक्षिण आफ्रिका.

प्रथम सापेक्षतावादाच्या पदरात त्याचे पुण्य टाकले पाहिजे. युरोपियनांनी जग जिंकले तेव्हा आपली संस्कृती हीच संस्कृती आणि बाकीचे सारे रानटी, हा अहंकार त्यांनी तोफांबरोबर आणला होता. कित्येक मिशनऱ्यांच्या लेखनातही तो भरपूर आढळतो. प्रत्येक समाजाकडे त्याच्या आतून पाहावे, आपल्या मापाने दुसऱ्याला मोजू नये, असे फ्रान्झ बोआस यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांनी सांगितले, तेव्हा त्या अहंकाराला पहिला तडा गेला. वसाहतींतील जनतेच्या दृष्टीने हे मोठेच काम होते. परंतु जे हत्यार अहंकार फोडण्यासाठी घडविले गेले, तेच पुढे कुंपण घालण्याच्या कामी आले.

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाची राज्यव्यवस्था, जिला तेथील आफ्रिकान्स भाषेत 'अपार्थाइड' म्हणत, ती केवळ 'काळा माणूस हलक्या रक्ताचा' या उघड्या उद्धटपणावर उभी नव्हती. तिच्या शिल्पकारांपैकी एक वर्नर आयसेलेन हे व्यवसायाने मानववंशशास्त्रज्ञ आणि जन्माने एका जर्मन मिशनऱ्याचे पुत्र. काळ्यांची बुद्धी उपजतच कमी असते हे मत त्यांनी 1929 सालीच नाकारले होते. त्यांचे म्हणणे निराळेच होते. प्रत्येक जनसमूहाची संस्कृती स्वतंत्र आहे. ती शुद्ध राहावी आणि स्वतःच्या वळणाने वाढावी यासाठी त्यांना एकमेकांपासून दूर ठेवले पाहिजे. या विचारातून 'विभक्त विकास' हे गोंडस नाव आले. 1953 साली बांटू शिक्षणाचा कायदा झाला, तो आयसेलेन यांच्याच अध्यक्षतेखालील आयोगाच्या अहवालाच्या आधारे. त्याचा अर्थ 1954 मध्ये हेंड्रिक फर्वूर्ड यांनी सिनेटमध्ये उघड करून सांगितला. गोऱ्यांच्या समाजात काळ्या माणसाला काही ठरावीक प्रतीच्या मजुरीपलीकडे स्थान नाही, तेव्हा त्याला शिक्षणही त्याच बेताचे द्यावयाचे. संस्कृतीच्या वेगळेपणाचा गौरव करता करता गाडी कोठे जाऊन थांबली ते पाहावे. बहुसंख्य काळ्या जनतेच्या वाट्याला देशाची सुमारे 13 टक्के भूमी आली. लक्षावधी माणसे घरांतून उठवून तथाकथित स्वभूमींत नेऊन टाकली गेली. आणि हे सारे त्यांच्या संस्कृतीच्या रक्षणासाठी चालले आहे, असे त्यांनाच सांगितले गेले.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. डॉ. मलान यांचा नॅशनल पक्ष 1948 साली तेथे सत्तेवर आला, आणि त्याच वर्षी 10 डिसेंबर रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा मंजूर केला. अठ्ठेचाळीस राष्ट्रांनी बाजूने मत दिले. विरोधात एकही नव्हते. आठ तटस्थ राहिली. या आठांत दक्षिण आफ्रिका होती, सौदी अरेबिया होता आणि सोव्हिएत रशियासह सहा कम्युनिस्ट राज्ये होती. तिघांची कारणे निराळी होती हे खरे. तरीही सर्व माणसांना लागू होणारी एकच मोजपट्टी समोर आली असता वर्णवर्चस्वाचे राज्य, धर्माधिष्ठित राजेशाही आणि कामगारवर्गाच्या नावाने चालणारी हुकूमशाही, तिन्ही एका बाकावर येऊन बसली. ही गोष्ट समाजवाद्यांनी विसरण्याजोगी नाही.

आता चर्चकडे वळावयाचे. मलान हे राजकारणात येण्यापूर्वी डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मोपदेशक होते. आफ्रिकानर समाजावर या चर्चची पकड अशी की राज्यसत्ता आणि धर्मपीठ यांच्यामधील रेषा शोधावी लागे. या चर्चचा इतिहास उद्बोधक आहे. 1829 साली त्याच्या धर्मसभेने निर्णय दिला होता की प्रभुभोजनाच्या विधीत वर्णावरून भेद करता येणार नाही. पुढे काही गोऱ्या सभासदांना काळ्यांसह एका पंक्तीस बसणे जड जाऊ लागले. 1857 साली धर्मसभेने पुन्हा विचार केला. एकत्र उपासना हेच शास्त्राला धरून आहे, परंतु काहींच्या मनाच्या दुर्बलतेमुळे वेगळी उपासना चालवून घ्यावी, असा ठराव झाला. सवलत म्हणून आलेली ही गोष्ट हळूहळू रूढी झाली. 1881 साली मिश्रवर्णीयांसाठी स्वतंत्र चर्चच स्थापन झाले. रूढीला पुढे शास्त्राधार शोधला गेला. बाबेलच्या मनोऱ्याच्या कथेतून देवानेच भाषा आणि जनसमूह वेगळे केले, असा अर्थ काढण्यात आला. 1974 साली या चर्चने विभक्त विकासाचे समर्थन करणारा सविस्तर अहवाल स्वीकारला. दुर्बलतेला दिलेली सवलत सव्वाशे वर्षांत देवाची इच्छा होऊन बसली.

तेव्हा, श्रद्धा असली म्हणजे नैतिक अधिकार आपोआप येतो, हे धर्मपीठाचे गृहीत येथेच कोसळते. दक्षिण आफ्रिकेत श्रद्धेची वाण नव्हती. देवळे भरलेली होती, घराघरांत बायबल होते, रविवार पाळला जात होता. देव एक आहे हे ओठांवर होते; मात्र त्या एका देवाचे म्हणणे प्रत्येक जातीला वेगवेगळे आहे, हे आचरणात होते. याहून पक्का सापेक्षतावाद कोणता?

या व्यवस्थेच्या अगदी गाभ्यातून एक माणूस बाहेर पडला. बेयर्स नॉडे यांचा जन्म 1915 चा. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते आणि आफ्रिकानर सत्तेची सूत्रे पडद्याआडून हलविणाऱ्या 'ब्रूडरबॉन्ड' या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होते. बेयर्सही 1940 साली तिचे सभासद झाले. विद्वान उपदेशक, धर्मसभेतील वजनदार पदाधिकारी, उद्याचे सर्वोच्च धर्माधिकारी अशी त्यांची वाटचाल चालली होती. 21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला. अधिकृत आकड्याप्रमाणे 69 माणसे मेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जोहान्सबर्गच्या कॉटेस्लो भागात जागतिक चर्च परिषद आणि स्थानिक चर्चे यांची बैठक झाली. वर्णावरून कोणालाही चर्चबाहेर ठेवता येणार नाही, मिश्रविवाहाच्या बंदीला बायबलमध्ये आधार नाही, असे तेथे ठरले. डच रिफॉर्म्ड चर्चच्या प्रतिनिधींनीही त्याला संमती दिली. नॉडे त्यांत होते. पंतप्रधान फर्वूर्ड संतापले. लगेच प्रतिनिधींना त्यांच्याच चर्चने खाली पाहावयास लावले, आणि ते चर्च जागतिक परिषदेतून बाहेर पडले. इतरांनी माघार घेतली. नॉडे यांनी घेतली नाही.

1963 साली त्यांनी ब्रूडरबॉन्ड सोडला आणि सर्व वर्णांच्या ख्रिस्ती लोकांसाठी 'ख्रिश्चन इन्स्टिट्यूट' स्थापन केली. चर्चने त्यांच्यापुढे पर्याय ठेवला: धर्मोपदेशकाचे पद किंवा ही संस्था. त्यांनी पद सोडले. आप्तांनी पाठ फिरविली, मित्र रस्त्यात तोंड चुकवू लागले. संस्था मात्र वाढत गेली आणि काळ्या जाणिवेच्या चळवळीच्या जवळ गेली. सप्टेंबर 1977 मध्ये त्या चळवळीचे नेते स्टीव्ह बिको पोलिसांच्या मारहाणीने मरण पावले. ऑक्टोबरात सरकारने अनेक संघटनांवर एकाच दिवशी बंदी घातली, त्यांत ख्रिश्चन इन्स्टिट्यूट होती. खुद्द नॉडे यांच्यावर व्यक्तिगत बंदीहुकूम निघाला. एका वेळी एकाहून अधिक माणसांशी बोलावयाचे नाही, त्यांचे वाक्य कोणी छापावयाचे नाही, अशा स्थितीत त्यांनी सात वर्षे काढली. या बंदीच्या काळातच, 1980 साली, गोऱ्यांचे चर्च सोडून ते काळ्यांच्या चर्चमध्ये गेले.

नॉडे यांना प्रेरणा होती ती हिटलरच्या जर्मनीतील विरोधी चर्चची. 1934 साली बार्मेन येथे कार्ल बार्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले होते की राष्ट्र, वंश किंवा नेता यांना देवाच्या जागी बसविता येणार नाही. त्या जाहीरनाम्यात ज्यूंवरील अत्याचाराबद्दल मात्र एक शब्दही नव्हता. ही उणीव दक्षिण आफ्रिकेतील काळ्या आणि मिश्रवर्णीय धर्मपंडितांनी भरून काढली. 1982 साली केपटाऊनजवळ बेलहार येथे मिश्रवर्णीयांच्या चर्चने श्रद्धेचे एक नवे निवेदन तयार केले. 1986 साली ते विधिवत स्वीकारले गेले. अन्यायाच्या जगात देव विशेषेकरून दीन, दरिद्री आणि अन्यायग्रस्त यांचा आहे, असे त्यात म्हटले आहे. 1982 सालीच ओटावा येथे जागतिक रिफॉर्म्ड चर्चांच्या परिषदेने अपार्थाइडचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड ठरविले आणि ॲलन बूसाक या मिश्रवर्णीय धर्मोपदेशकाला अध्यक्ष निवडले. 1985 च्या 'कैरोस' पत्रकाने आणखी एक पाऊल टाकले. सत्तेची भलामण करणारे धर्मशास्त्र त्याने नाकारलेच, परंतु 'दोन्ही बाजूंचे थोडे थोडे चुकते, सर्वांनी समेट करावा' असे म्हणत राहणाऱ्या चर्चच्या सभ्य तटस्थतेवरही त्याने कठोर टीका केली. न्यायावाचून समेट म्हणजे अन्यायालाच मुदतवाढ, असा त्याचा निष्कर्ष होता.

बेलहार आणि कैरोस यांमधून एक महत्त्वाचा मुद्दा हाती लागतो. सत्य सर्वांसाठी एक आहे हे म्हणणे आणि पीडितांची बाजू घेणे यांत विरोध नाही. सर्वांना एकच मोजपट्टी लावली की ती प्रथम ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच बाजूने बोलते. 'ज्याचे त्याचे सत्य' या तत्त्वात दुबळ्याला दाद मागण्यास जागाच उरत नाही, कारण बलवानाचे सत्य त्याच्या पोलिसांसह आलेले असते.

मात्र हीच मोजपट्टी स्वतःच्या बाजूला लावण्याची वेळ आली, तेव्हा काय झाले? आर्चबिशप डेस्मंड टूटू यांचे नाव येथे घेतले पाहिजे. जुलै 1985 मध्ये डुडूझा येथे संतप्त जमाव पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून एका माणसाला जाळावयास निघाला होता. टूटू मध्ये पडले आणि त्यांनी त्याला सोडविले. अशी हिंसा चालू राहिली तर आपण देश सोडून जाऊ, असे त्यांनी नंतर आपल्याच लोकांना जाहीरपणे बजावले. पुढे सत्यशोधन आणि सलोखा आयोगाचे ते अध्यक्ष झाले. ऑक्टोबर 1998 मध्ये आयोगाचा अहवाल प्रसिद्ध व्हावयाचा होता. त्यात वर्णभेदी राजवटीच्या अपराधांबरोबरच मुक्तिलढ्यातील संघटनांच्या छावण्यांत झालेल्या छळाचीही नोंद होती. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस हा सत्ताधारी पक्ष प्रसिद्धी थांबविण्यासाठी न्यायालयात गेला आणि हरला. न्याय्य युद्धात वापरलेली अन्याय्य साधने न्याय्य ठरत नाहीत, ही आयोगाची भूमिका होती. ज्या मुक्तिलढ्याच्या विजयासाठी टूटू आयुष्यभर झटले, त्याच्याही पदरात त्यांनी सत्य घातले. 2021 मध्ये ते वारले तेव्हा ख्रिस्ती नसलेल्यांनीही त्यांना वडील मानले, ते त्यांच्या झग्यामुळे नव्हे.

आणि उलट बाजूही पाहावी. रात्झिंगर यांच्या प्रवचनापूर्वी तीन वर्षे, 2002 साली, अमेरिकेत बॉस्टन येथे धर्मगुरूंनी बालकांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी त्यांवर घातलेले पांघरूण उघडकीस आले. 2009 साली आयर्लंडमध्ये सरकारी चौकशीच्या दोन अहवालांनी तेच सांगितले. आयर्लंडसारख्या निष्ठावान देशात चर्चचा शब्द ज्याने हलका केला, तो सापेक्षतावाद विद्यापीठांतून आला नव्हता. सामान्य माणसाला एक नियम आणि धर्मगुरूला दुसरा, बालकाच्या दुःखापेक्षा संस्थेची अब्रू मोठी, हा सापेक्षतावाद चर्चच्या कचेरीतच वाढला होता. स्वतःपुरती मोजपट्टी बदलणाऱ्याला दुसऱ्याच्या मोजपट्टीबद्दल तक्रार करण्याचा अधिकार राहत नाही.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. 'विभक्त विकास' हा शब्द ऐकताच आपल्याकडील अधिकारभेद आठवावा. ज्याचा त्याचा स्वधर्म, ज्याची त्याची पायरी. ब्राह्मणाचे सत्य वेगळे, शूद्राचे वेगळे, स्त्रीचे वेगळे, आणि तरीही सारे मिळून एक सुसंवादी रचना, असेच जातिव्यवस्थेचे समर्थन होत आले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी या समर्थनाच्या मर्मावरच बोट ठेवले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु निर्मिक एक असेल तर माणसामाणसांसाठी त्याचे नियम निराळे असू शकत नाहीत, हा मुद्दा त्यांनी कधी सोडला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली निघालेल्या ग्रंथाच्या नावातच 'सार्वजनिक सत्यधर्म' हे शब्द आहेत. सत्य 'सार्वजनिक' असते, हे विशेषण त्यांनी उगाच योजले नव्हते. भारतातील ख्रिस्ती समाजानेही या आरशात पाहावयास हवे. जातीजातींची वेगळी बाके आणि वेगळी दफनभूमी भारतातील चर्चांतही होत आली आहे. 1857 चा तो दुर्बलतेचा ठराव केवळ आफ्रिकेत झाला असे समजण्याचे कारण नाही.

आता कार्यकर्त्यांपुढील प्रश्न. समाजवादी चळवळीतही सापेक्षतावाद आला, तो वर्गाचे नाव घेऊन. 1938 साली ट्रॉट्स्की यांनी नीती ही वर्गसंघर्षातून निपजते, तिच्यापलीकडे शाश्वत नीती नाही, असे ठामपणे मांडले; जॉन ड्यूई यांनी त्याच वर्षी उत्तर दिले की साध्याच्या नावाने साधनाची तपासणी टाळता येत नाही. एका बाजूने धर्मनिष्ठांचे सत्य प्रकट झालेले, दुसऱ्या बाजूने क्रांतिनिष्ठांचे सत्य इतिहासाने ठरविलेले; दोघांनीही प्रसंगी आपल्या माणसाला वेगळा न्याय लावला आहे. आज तर 'ही आमची परंपरा, बाहेरच्यांनी बोलू नये' हे वाक्य सत्ताधाऱ्यांच्या तोंडी जगभर ऐकू येते, आणि बहुविधतेचा आदर करणारा पुरोगामी त्यापुढे गोंधळतो. त्याने आदर जरूर करावा. परंतु एक साधा प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. ज्या परंपरेचे नाव घेतले जात आहे, तिच्याखाली दडपलेल्या माणसाला त्याचे मत विचारले आहे काय? सोवेटोच्या मुलांना कोणी विचारले नव्हते. 16 जून 1976 रोजी ती स्वतःच रस्त्यावर आली.

श्रद्धावंत आणि निरीश्वरवादी यांच्यातील तात्त्विक मतभेद यामुळे मिटत नाहीत आणि मिटविण्याचे कारणही नाही. नॉडे यांना त्यांचे बळ ख्रिस्तावरील श्रद्धेतून मिळाले. ते वजा करून त्यांचे चरित्र लिहिता येणार नाही. निरीश्वरवादी कार्यकर्त्याला ते बळ अन्य ठिकाणाहून आणावे लागेल. मात्र दोघांची परीक्षा एकच आहे. सर्वांसाठी एक म्हणून जे सत्य सांगितले जाते, ते सांगणाऱ्याने प्रथम आपल्या घराला, आपल्या जातीला, आपल्या पक्षाला लावले काय, आणि लावताना जे गमवावे लागले ते गमावले काय? 1994 साली वर्णभेदाचा अस्त झाल्यावर डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने नॉडे यांना सन्मानाने बोलावले आणि त्यांच्यावर झालेल्या अन्यायाची कबुली दिली. एकतीस वर्षांपूर्वी त्याच चर्चमधील व्यासपीठ त्यांना सोडावे लागले होते. या एकतीस वर्षांत चर्चकडे इमारती, पगार, सभासद आणि सरकारची मर्जी होती. नॉडे यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते. तरीही अखेर माफी कोणी कोणाची मागितली, याचा कार्यकर्त्यांनी विचार करावा.